आठ जणींच्या शेजारणी

बकुळा गमरे सही करत नाही, हे डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुरिअरवाला आला की "मावशी, तुमच्यातर्फे मीच सही गिरगटतो" असं म्हणून पाकीट उंबऱ्यावर ठेवून पळायचा. महिला मंडळाच्या बैठकीला ती सगळ्यांच्या आधी हजर, बोलायलाही सगळ्यांच्या पुढे, पण हजेरीच्या वहीत तिचं नाव भिंग घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही.

याला कारण तिचा नवरा राजाराम. मिल बंद पडल्यावर तो एका शाळेत शिपाई म्हणून लागला होता, आणि त्याला स्वतःच्या सहीचा भारी अभिमान. बाप अंगठा लावत लावत गेला, मी मात्र झोकात सही करतो, असं येताजाता सांगायचा. चौदा वर्षांपूर्वी चाळीच्या पुनर्विकासाची सभा पटांगणात भरली. कडक इस्त्रीच्या शर्टातल्या एका माणसाने चहा आणि सामोसे वाटले, "आम्ही तुमच्यासाठी नाही, तुमच्याबरोबर काम करणार" असं गोड भाषण ठोकलं आणि हजेरीचा कागद फिरवला. पहिली सही राजारामची. चार महिन्यांनी तोच कागद एका संमतीपत्राच्या मागे टाचलेला निघाला. मग भांडणं झाली, वकील झाले, कोर्ट झालं, आणि जिन्यात भेटेल तो माणूस म्हणायला लागला, "पहिली सही तुमचीच ना हो, गमरे?" राजाराम त्यानंतर आठ वर्षं जगला, पण कोणी पेन पुढे केलं की हात खिशात घालायचा. बकुळाने तेव्हाच कानाला खडा लावला. जो फुकट चहा पाजतो, त्याच्या कागदाला हात लावायचा नाही.

हा खडा एकदाच ढिला झाला. तीन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली आणि परळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ऑपरेशनसाठी सही मागितली. तिने मुलाकडून, सम्यककडून, तो कागद तीनदा वाचून घेतला, सही केली आणि सहीखालच्या मोकळ्या जागेवर आडवी रेघ मारली. नर्स म्हणाली, "हे काय, मावशी?" तर म्हणाली, "खाली कोणी काय घुसडायला नको." जीव जात असतानाही बाई हुशारी सोडेना म्हणून वॉर्डभर हसू झालं.

ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि परतही आले, आधीपेक्षा कुरळे. मग हार्मोनची गोळी सुरू झाली. रोज एक, पाच वर्षं, गाठ परत उलटू नये म्हणून. गोळी दिसायला ब्लाउजच्या बटणाएवढी. पण तिने छळ मांडला. सहा महिन्यांत बकुळाची बोटं सकाळी उठल्यावर लाकडाची व्हायला लागली. मूठ मिटायला अर्धा तास लागायचा.

आता बोटं म्हणजे बकुळाचं सर्वस्व. हिंदमाताच्या मनमोहनशेठच्या दुकानातल्या भारी साड्यांना ती हाताने फॉल लावायची. मशीनवर फॉल कोणीही लावतो. पैठणीला हातचा टाका लागतो, आणि तो असा की सुलट बाजूला सुईचं टोक टेकल्याचंही दिसू नये. तीस वर्षं तिच्या हातचा टाका कोणाला दिसला नव्हता. आणि एक दिवस एक पैठणी परत आली. काठावर टाके मुंग्यांच्या रांगेसारखे दिसत होते. मनमोहनशेठने पुढच्या चार पैठण्या दुसऱ्या बाईकडे पाठवल्या. बकुळाला ऑपरेशनच्या वेळी आलं नव्हतं तेवढं रडू त्या दिवशी आलं. तिने आणखी काही महिने रेटलं आणि गेल्या दिवाळीनंतर गोळी बंद केली. तीन आठवड्यांत बोटं सुटली, पैठण्या परत आल्या.

सम्यकला यातलं काही माहीत नव्हतं. तो लोअर परळच्या एका ऑफिसात होता, आणि आईच्या गोळ्यांची जबाबदारी त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. प्रत्येक पाकिटावर काळ्या मार्करने सोम, मंगळ, बुध लिहायचा आणि सकाळी बूट घालता घालता विचारायचा, "आई, गोळी घेतलीस ना?" "घेतली रे," बकुळा म्हणायची. पाकिटातला खड्डा रिकामा दिसायचा आणि पोरगा समाधानाने जिना उतरायचा. गोळी तोवर बटणांच्या डब्यात गेलेली असायची. फेकून देववत नव्हती. अन्न टाकवत नाही तसं औषधही टाकवत नव्हतं. चार महिन्यांत डब्यात बटणं कमी आणि गोळ्या जास्त झाल्या. डबा उघडून गोळी टाकली की ती लगेच झाकण घट्ट लावून टाकायची.

अशात एक दिवस हॉस्पिटलातून फोन आला.

"काकू, मी अपूर्वा. आमचा एक प्रोजेक्ट आहे. हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना काय मदत हवी असते, ते त्यांनाच विचारून ठरवायचंय. तुम्ही याल? टेन्शनचं काही नाही, फक्त गप्पा. चहा-नाश्ता असेल, येण्याजाण्याचं भाडंही देऊ."

फोन ठेवल्यावर बकुळा बराच वेळ सुईत दोरा घालत राहिली, पण दोरा जाईना. फक्त गप्पा? वर चहा, वर भाडं? शेकडो बायका सोडून नेमका मलाच फोन? पाणी कुठेतरी मुरतंय, यात तिला शंका उरली नाही. कोण गोळ्या चुकवतं ते हुडकायला हे जाळं टाकलंय, आणि सापडली की फाईल बंद. पुढच्या तपासण्या बंद. सम्यकला फोन. न जावं तरी पंचाईत, कारण न येणारी बाई पहिली संशयात येते. शेवटी तिने ठरवलं, जायचं, पण ताकास तूर लागू द्यायची नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. तिला धरून आठ बायका. बकुळाने सगळ्यांवर नजर फिरवली आणि यातल्या कोण खऱ्या आणि कोण हॉस्पिटलने पेरलेल्या, याचा अंदाज बांधायला घेतला. दादरच्या शैलाताई, निवृत्त शिक्षिका, फारच मोकळेपणाने बोलत होत्या. नक्की पेरलेली, बकुळाने ठरवून टाकलं. डॉक्टर होत्या तिला दर तपासणीला बघणाऱ्याच ऋग्वेदा धैर्यवान, गिरगावातल्या जुन्या घरातल्या, भाषा अशी स्वच्छ की प्रत्येक शब्द इस्त्री करून ठेवलेला. पांढरा कोट घातला नव्हता, सुती साडी होती, आणि तिचा फॉल एका जागी उसवला होता. बकुळाची नजर तिथेच अडकली.

"हे संशोधन तुमच्यावर नाही," डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्याबरोबर करायचंय."

बकुळा खुर्चीत ताठ बसली. चौदा वर्षांनी तेच वाक्य, तसंच गोड. आणि त्यामागोमाग, अगदी ठरल्यासारखा, अपूर्वाने हजेरीचा कागद फिरवला. त्याला जोडून संमतीचा दुसरा कागद. बकुळाने दोन्ही कागद विंचू धरावा तसे कोपऱ्याला धरून शेजारणीच्या मांडीवर ठेवले.

"काकू, सही राहिली," अपूर्वा म्हणाली.

"राहू दे. मी आलेय ते दिसतंय ना? आणि ते यंत्र बंद करा आधी." टेबलावर बोलणं टिपणारं यंत्र होतं.

डॉक्टरांनी लगेच यंत्र बंद करून पिशवीत टाकलं. त्या भांडल्या असत्या तर बकुळाला बरं वाटलं असतं. इतक्या पटकन ऐकणारा माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता, त्यामुळे तिचा संशय आणखी बळावला. निघताना ती म्हणाली, "पुढच्या वेळी, आज कोण काय बोललं ते आधी मोठ्याने वाचून दाखवायचं. आमच्या मंडळात तसंच असतं. तोंडी कारभार नको." डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या बैठकीत खरंच आधी वाचन झालं. कोणाचा शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. बकुळा कान टवकारून बसली होती, पण सापडलं काही नाही. मग अपूर्वाने छापलेली प्रश्नावली वाटली. हजारभर बायकांना ती द्यायची होती, त्याआधी या आठ जणींनी तपासायची. पहिलाच प्रश्न होता : तुम्ही हार्मोनची गोळी नियमित घेता ना?

आठही माना डोलल्या. शैलाताईंची सगळ्यांत जोरात.

बकुळाची पण डोलली, आणि त्याच क्षणी तिला मनमोहनशेठच्या दुकानातला नवा पोरगा आठवला. तो गिऱ्हाइकाला विचारायचा, "ताई, साडी आवडली ना?" ताई हो म्हणायची, हसायची आणि समोरच्या दुकानातून साडी घ्यायची. शेठने त्याला झापलं होतं, असं विचारायचं नसतं, काय आवडलं नाही ते विचार. तिला गप्प बसायचं होतं, पण चूक दिसली की तिची जीभ आवरत नसे.

"असं विचारलंत तर जन्मात कोणी नाही म्हणणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही मास्तरीण असल्यासारखं विचारता, मग आम्ही पोरांसारख्या हो म्हणतो. तपासणीला येतो तेव्हा पण तेच. तुमचं डोकं फाईलीत असतं. 'गोळ्या चालू आहेत ना?' पुढे बाईने बोलायचं काय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग कसं विचारू, बकुळाताई?"

"विचारा, गेल्या आठवड्यात किती दिवस गोळी नको वाटली. आणि का." एवढं बोलून थांबायला हवं होतं. पण सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, आणि काहीतरी पुढे सांगणं भाग होतं. "म्हणजे माझं नाही हां. आमच्या चाळीत एक शेजारीण आहे. तिलाही हाच आजार. शिवणकाम करते. तर गोळीने तिची बोटं अशी आखडली की सुई धरवेना. मग काय करील ती? पोट त्या सुईवर."

डॉक्टरांनी शेजारणीचं नाव विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "हं. मग?"

आणि मग गंमत झाली. वरळीची एक बाई म्हणाली की आमच्या शेजारीपण अशी एक आहे. तिच्या अंगातून रात्री वाफा निघतात, नवरा दुसऱ्या खोलीत झोपायला गेला, म्हणून ती एक दिवसाआड घेते. शैलाताईंच्या खालच्या मजल्यावर एक निघाली. तिला गोळी बघितली की आजार आठवायचा, म्हणून ती पाकीट कपाटाच्या वर टाकून विसरायची. एकीची शेजारीण नवऱ्याजवळ जाताना किती दुखतं ते कोणाला सांगू शकत नव्हती. हे ती अगदी हळू बोलली, आणि सगळ्या जणी जमिनीकडे बघू लागल्या. अर्ध्या तासात आठ जणींच्या आठ शेजारणी झाल्या. मुंबईत एवढे शेजारी एकमेकांच्या गोळ्या मोजत असतील, हे कोणाला खरं वाटलं नसतं. पण खोलीतलं कोणी हसलं नाही. डॉक्टर लिहीत होत्या. त्या दिवशीही हजेरीचा कागद बकुळाने कोऱ्याचा कोरा पुढे सरकवला. घरी जाताना तिला कित्येक महिन्यांनी हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटतंय म्हणून भीतीही वाटत होती.

तिसऱ्या बैठकीला अपूर्वा अहवालाचा कच्चा मसुदा वाचायला उभी राहिली. बकुळा सुपारी चघळत ऐकत होती. प्रश्न बदलल्याचं आलं होतं. मग वाक्य आलं : सहभागी झालेल्या सर्व महिला गोळी नियमित घेतात.

"थांब," बकुळा म्हणाली. "शेजारणी कुठे गेल्या?"

अपूर्वाने डॉक्टरांकडे पाहिलं.

"काय म्हटलं होतं मी?" बकुळा उभीच राहिली. "सभा एकीकडे, कागद भलतीकडे! आमच्याकडे हेच झालं होतं. बोललो एक, लिहिलं एक. मला काय येडी समजता काय?"

"बसा, बकुळाताई," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी सगळं लिहून दिलं होतं. संशोधनावर नजर ठेवणाऱ्या हॉस्पिटलच्या कमिटीने काढायला लावलं. ते म्हणतात, हे ऐकीव आहे. जिचा अनुभव तिनेच सांगायचा, आणि तिची सही हवी. सही नसेल तर तिचा शब्दसुद्धा आम्हाला वापरता येत नाही."

"सहीच का लागते मेली सगळ्याला?"

"नाहीतर आम्ही कोणाच्याही नावावर काहीही खपवू शकू. तुम्ही न बोललेलं तुमच्या तोंडी घालू. ते होऊ नये म्हणून नियम आहे. वर काय लिहिलंय ते बघायचं, पटलं तर सही करायची, आणि नंतर नको वाटलं तर सही मागेही घेता येते."

बकुळा उभीच होती. तिला राजाराम आठवला, पेन दिसलं की खिशात जाणारा त्याचा हात आठवला. त्याच्या कागदावर वर काहीच लिहिलं नव्हतं. कोणी त्याला विचारलं नव्हतं, आणि कोणी मागे घेऊ दिली नव्हती.

"आणि हे असंच गेलं तर?" तिने विचारलं.

"आम्ही फोनवर एक नर्स मागितली आहे, व्यायाम शिकवणारी बाई मागितली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "वरचे विचारतील, सगळ्या नियमित घेतात, तर आधार कशाला? आणि बरोबरच आहे त्यांचं."

आठ खुर्च्यांमधून कोणी कोणाकडे बघेना. आता बोलले तर फाईल जाईल की राहील, सम्यक काय म्हणेल, हे सगळं एकदम बकुळाच्या डोक्यात आलं, आणि त्या सगळ्याच्या वर एकच गोष्ट आली, की पाच महिने ती मरणाला घाबरत होती आणि कोणाला सांगत नव्हती.

"ती शेजारीण मी आहे," ती म्हणाली. "पाच महिने झाले. गोळ्या बटणांच्या डब्यात आहेत. लिहा."

आता ओरडा बसेल म्हणून तिने खांदे आवळले. डॉक्टरांनी फक्त विचारलं, "बोटं किती दुखायची?" आणि मग एकेक सांगत गेल्या. याच कामाची दुसरी गोळी असते, काहींना ती सोसते. बोटांचे व्यायाम असतात. सगळ्यांना फरक पडतोच असं नाही, पण करून बघता येतं. ऐकता ऐकता बकुळाचा पारा चढला. "हे दोन वर्षांत बोलला का नाहीत?"

"तुम्ही ठीक आहे म्हणत होतात," डॉक्टर म्हणाल्या, "आणि मला तेच ऐकायची घाई होती. चूक माझी."

बकुळाने कागद मागून घेतला, वर आपलंच बोलणं लिहून घेतलं, शब्दन् शब्द वाचला आणि पूर्ण नाव लिहून सही केली. मग सहीखाली आडवी रेघ मारली. वरळीच्या बाईने लगेच कागद ओढून घेतला, तिच्यामागून आणखी दोघींनी. बाकीच्या पदर सावरत उठल्या. शैलाताई दारापर्यंत जाऊन मागे वळल्या आणि म्हणाल्या, "माझी मात्र खरंच शेजारीण आहे हो." शैलाताई पेरलेल्या नव्हत्या, त्याही आपल्यासारख्याच घाबरलेल्या होत्या, एवढं बकुळाला तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी तिने सम्यकसमोर डबा उपडा केला. बटणं घरंगळत कॉटखाली गेली, गोळ्या जागच्या जागी राहिल्या. सम्यक त्या ढिगाकडे बघत राहिला.

"मी रोज मार्कर मारत होतो, आई," तो म्हणाला. "रोज. वेडा होतो मी?"

तिने डॉक्टरांचं, दुसऱ्या गोळीचं, तपासण्यांचं सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. तपासण्यांना तोच घेऊन गेला, रिपोर्ट त्यानेच आणले. काही निघालं नव्हतं. तरी घरात तो कामापुरतंच बोलायचा. नवी गोळी सुरू झाली, तिच्या पाकिटावर वार लिहिलेले नव्हते, आणि सकाळी बूट घालताना तो आता काहीच विचारत नव्हता. ओरडला असता तर परवडलं असतं, असं बकुळाला वाटायचं. ती त्याच्यासमोर गोळी गिळायची, आणि तो मुद्दाम दुसरीकडे बघायचा.

असे तीन आठवडे गेले. एका सकाळी तो नाड्या बांधत होता, जेवणाचा डबा भरून तयार होता. मान वर न करता त्याने विचारलं, "आज बोटं कशी आहेत?"

बकुळाने चमकून पाहिलं. "हे तुला कोणी शिकवलं? त्या अपूर्वाने फोन केला होता?"

"कोणी नाही शिकवलं. सांग ना."

"बरी आहेत" हे शब्द तिच्या जिभेच्या टोकावर आले होते. तिने ते गिळले. उजवा हात पुढे केला आणि मूठ मिटून दाखवायला गेली. दोन बोटं अर्ध्यावरच थांबली.

"ही दोन आखडलीयत," ती म्हणाली. "कालपासून. सांगितलं नव्हतं."

सम्यकने घड्याळाकडे पाहिलं, मग नाड्या सोडल्या, बूट बाजूला ठेवले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसून तो हात हातात घेतला.